रिटर्न तुमचं, सही तुमची

जून लागला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी मृत्युपत्र, वारसनोंद, सोसायटीची भांडणं असतात. आता मात्र जो तो एकच विचारतोय, चांगला टॅक्सवाला ओळखायचा कसा? मी नागपूरच्या धंतोलीत बरीच वर्षं सीए म्हणून काम केलं. आता प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र परत केलंय, त्यामुळे ‘मॅडम, तुम्हीच घ्या ना आमचं काम’ म्हणणाऱ्यांना नाही म्हणते. कुणाचं नावही सुचवत नाही, रागावू नका.

आमच्या शाळेतले बहुतेक शिक्षक एकाच माणसाकडून रिटर्न भरून घेतात. फॉर्म १६ आणि पोर्टलचा पासवर्ड दिला की तो सगळं ‘बसवतो’ आणि हमखास रिफंड आणतो. फी वेगळी नाही, आलेल्या रिफंडातले दहा टक्के त्याचे. मी पूर्ण टॅक्स भरते म्हणून सगळे मला हसतात. माझं काही चुकतंय का? – शिक्षिका, मानेवाडा

काही चुकत नाही. हा अंक मात्र स्टाफरूममध्ये सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

पगारदाराला रिफंड येतो कुठून? पगारातून कापलेला टीडीएस प्रत्यक्ष करापेक्षा जास्त असेल तर तेवढा फरक परत येतो, बस. शाळेनं तुमचा पीपीएफ, विमा, घरकर्ज सगळं पाहूनच कापणी केली असेल, तर परत यायला उरतं किती? तरीही वर्षानुवर्षं सगळ्या स्टाफला घसघशीत रिफंड येत असेल, तर रिटर्नमध्ये नसलेली वजावट घुसवलेली आहे. बहुतेक वेळा ती राजकीय पक्षाला दिलेली देणगी असते, कलम ८०जीजीसी. नाहीतर स्वतःच्या घरात राहून दाखवलेलं घरभाडं, कधी न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, घरात कुणालाच न झालेला गंभीर आजार. एका बाईंनी मला त्यांचं रिटर्न दाखवलं होतं. ज्या पक्षाचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं, त्याला त्यांनी भरघोस देणगी दिलेली होती!

हे खपून जाण्याचे दिवस गेले. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागानं देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली, ती अशाच मध्यस्थांची. विभागानं तेव्हा सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी स्वतःहून खोटे दावे मागे घेतले होते आणि त्यांची रक्कम १,०४५ कोटी रुपये होती. त्याच निवेदनातला एक बारीक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटला. ही मंडळी ढिगानं रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल काढायची आणि नंतर वाऱ्यावर सोडून द्यायची. नोटीस त्या ईमेलवर जायची आणि ज्याच्या नावाची ती त्याला पत्ताच नसायचा.

म्हणून तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, आज घरी गेल्यावर पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते पाहा. मग भरलेलं रिटर्न डाउनलोड करून वजावटींचं पान वाचा. काही भलतं दिसलं तर नोटिशीची वाट पाहू नका. सुधारित रिटर्नची मुदत असेल तर ते भरा. ती गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, आहे. कर-निर्धारण वर्ष (म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं, पण कर आणि व्याजावर जादा भुर्दंड बसतो: पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि शेवटी ७०. महाग आहे, कबूल. पण उत्पन्नाची चुकीची माहिती दिली म्हणून लागणारा दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के असतो. तो भरायला हा माणूस येणार नाही. रिटर्न तुमच्या पॅनवर आहे आणि त्याची पडताळणी तुमच्या ओटीपीनं झालीय.

राहिले ते दहा टक्के. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार, नियमांत दिलेले काही अपवाद सोडले तर, सीएला निकालावर किंवा टक्केवारीवर फी घेता येत नाही. म्हणजे हा गृहस्थ एकतर सीए नाही, नाहीतर आपल्याच व्यवसायाचा नियम मोडतोय. मला दोन्हींत फारसा फरक वाटत नाही. कागद न बघता रिफंडाचा आकडा सांगणारा आणि बाग न बघता बोली लावणारा दलाल सारखेच. फक्त बागवाला एवढा भोळा नसतो.

गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. वडिलांच्या काळापासून महालातले एक वकीलसाहेब आमचं इन्कम टॅक्सचं पाहतात. वार्षिक उलाढाल १ कोटी ४० लाखांच्या आसपास. मुलगा म्हणतो, वकील चालत नाही, सीएच पाहिजे. जुना माणूस तोडायचा का? – व्यापारी, गांधीबाग

मुलगा अर्धा बरोबर आहे. प्राप्तिकर अधिकाऱ्यासमोर तुमच्या वतीनं वकील उभा राहू शकतो, सीए राहू शकतो, नातेवाईकही राहू शकतो. रिटर्न भरून द्यायला तर कुठल्या पदवीचीच अट नाही. म्हणूनच ‘टॅक्स कन्सल्टंट’ ही पाटी कुणीही लावू शकतो आणि गल्लोगल्ली लागलेलीही आहे. पण कर लेखापरीक्षण, ज्याला आपण ‘टॅक्स ऑडिट’ म्हणतो, त्यावर सही फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच चालते.

आता तुम्हाला ऑडिट लागतं का, ते बघा. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की ऑडिट येतं. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटी होते, पण गांधीबागेत रोख ५ टक्के? असो. दुसरी वाट कलम ४४एडीची. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर ८ टक्के नफा धरून रिटर्न भरा. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के धरले तरी चालतात. मग ऑडिट नाही. तुमच्या १ कोटी ४० लाखांवर ८ टक्के म्हणजे ११ लाख २० हजार. किरकोळ विक्री असेल आणि खरा नफा त्याच्या जवळपास असेल तर प्रश्न मिटला. तुम्ही ठोक व्यापारी असाल, तीन-चार टक्क्यांवर माल फिरत असेल, तर न कमावलेल्या नफ्यावर कर कशाला भरता? वह्या नीट ठेवा आणि ऑडिट करून घ्या.

हा हिशेब वकीलसाहेबांनी तुमच्यासमोर कधी मांडला का, हे मला महत्त्वाचं वाटतं. मांडला असेल तर त्यांना अजिबात तोडू नका. ऑडिटपुरता सीए जोडा, दोघांची ओळख करून द्या. धंद्याचा तीस वर्षांचा इतिहास डोक्यात असलेला माणूस नोटिशीच्या वेळी फार उपयोगी पडतो. ‘दरसाल करतो तसंच करू’ एवढंच उत्तर मिळत असेल तर मुलाचं ऐका.

सीए खरा की खोटा, हे पाहायला ओळखीपाळखी लागत नाहीत. सदस्य क्रमांक मागा आणि सीए संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र चालू आहे का, तेही विचारा, कारण नोकरी करणारा सीए तुमच्या ऑडिटवर सही करू शकत नाही. मीसुद्धा आता करू शकत नाही. शिवाय २०१९ पासून सीएनं सही केलेल्या प्रमाणपत्रावर आणि ऑडिट अहवालावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. तो १८ अंक-अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्य क्रमांकाचे. तो संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर टाकून कुणीही तपासू शकतं. बँकेच्या कर्जासाठी ताळेबंदावर ‘सही आणून देणारे’ दलाल आपल्या बाजारात आहेत, ते काही तुम्हाला मी सांगायला नको. तो नंबर टाकून पाहिला की त्यांची सही कुणाची, ते लगेच कळतं.

मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. पगारासोबत अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे शेअर मिळतात. एकही विकलेला नाही. घरचे सीए काका म्हणाले, ‘विकशील तेव्हा बघू.’ ऑफिसमधले मित्र घाबरवतात. कोण बरोबर? – अभियंता, बेसा

मित्र. परदेशातले शेअर नुसते नावावर असले तरी निवासी भारतीयाला रिटर्नमधल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावे लागतात, विकले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यातही एक गंमत आहे: आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पण या शेड्यूलमध्ये माहिती भरायची ती जानेवारी ते डिसेंबर अशी. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याचं बंधन तसंच आहे. शिवाय लाभांशावर अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट मागायची तर वेगळा फॉर्म भरावा लागतो.

काकांना दोष देत नाही. इतवारीतल्या सराफांचं काम करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे रोज लागत नाही. पण ‘विकशील तेव्हा बघू’ ऐवजी ‘मला वाचून सांगावं लागेल’ असं ते म्हणाले असते, तर मी तुम्हाला त्यांच्याकडेच ठेवलं असतं.

तुमच्यासाठी सीए नागपूरचाच हवा असंही नाही. पुण्या-बंगळुरात बसलेला चालेल. देशभरच्या प्राप्तिकर अधिकाऱ्यांना आपल्या छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत प्रशिक्षण मिळतं, पण तुमची छाननी निघाली तर ती कुठल्या शहरातला अधिकारी करतोय, हे तुम्हाला कळणारही नाही. २०२० पासून हे काम चेहराविरहित पद्धतीनं चालतं. सिव्हिल लाईन्सच्या आयकर भवनात कुणाची ‘ओळख’ आहे हे सांगून काम मिळवणाऱ्याला म्हणूनच मी आता हसते. भेटाल त्याला तीनच गोष्टी विचारा: शेड्यूल एफए गेल्या वर्षी किती जणांचं भरलंत, शेअर मिळाले त्या दिवसाचा डॉलरचा कुठला दर धरता, आणि माझ्याकडून कुठले कागद लागतील? तिसऱ्या प्रश्नाला त्यानं ब्रोकरचं स्टेटमेंट मागितलं नाही, तर चहा संपवून निघा.

ताई, माझी काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि मी जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. शेतीवर टॅक्स नाही ना, मग शेतीचं दाखवायचंच काहून? सीएला उगाच पैसे कशाला द्यायचे? – बागायतदार

भाऊ, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं. पण निव्वळ शेती उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर पगारावरचा कर काढताना शेतीचा आकडा हिशेबात मिसळतात. शेतीवर कर नाही, पण पगार वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. दुसरं, शेती उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ हा सोपा फॉर्म चालत नाही. नेटकॅफेवाला घाईत नेमका तोच भरतो. ५ लाखांच्या वर गेलात तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडानं केलेली, ओलिताची की कोरडवाहू, हे सगळं लिहावं लागतं.

लपवायचं तर मुळीच नाही. आंबिया बहाराची बाग व्यापाऱ्याला दिली, पैसा बँकेत आला, आणि रिटर्नमध्ये शेतीचा शून्य! उद्या त्याच पैशातून प्लॉट घेतला की पैसा आला कुठून, याचं उत्तर कागदावर कुठेच नाही. सीएला फी द्या किंवा देऊ नका, पण सातबारा, व्यापाऱ्याशी झालेली चिठ्ठी, खत-औषधांची बिलं आणि मजुरीची वही एका पिशवीत ठेवा. ज्याच्याकडे जाल तो ही पिशवी मागतो की नाही, तेवढं बघा. न मागता ‘शेतीचे किती टाकू?’ म्हणून तुम्हालाच विचारणारे बरेच भेटतील.

माझा पापड-लोणच्याचा छोटा उद्योग आहे. जीएसटीचं काम एका गृहस्थांकडे होतं. चार महिन्यांपासून ते फोन उचलत नाहीत. रिटर्न भरलेली नाहीत, नोटीस आली आहे. पासवर्ड त्यांच्याकडे, बिलांची फाइल त्यांच्याकडे, ओटीपीसुद्धा त्यांच्याच मोबाईलवर जातो. त्यांना मी टॅक्सचे पैसेही रोख दिले होते. – उद्योजिका, नंदनवन

आधी पोर्टल ताब्यात घ्या, भांडण नंतर. मोबाईल आणि ईमेल तुमचे असते तर ‘पासवर्ड विसरलो’वर क्लिक करून पाच मिनिटांत काम झालं असतं. ते त्यांचे असल्यानं तुमच्या कार्यक्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं लागेल. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, आधार, जागेचा पुरावा आणि एक साधा अर्ज सोबत न्या. कागद पटले की अधिकारी त्यांच्या बाजूनं मोबाईल-ईमेल बदलतो आणि मग तुम्ही स्वतः लॉगिन करता. घाबरून एजंट शोधू नका. हे काम मालकिणीनं स्वतः गेलं तरच लवकर होतं, असा माझा अनुभव आहे.

लॉगिन झालं की सगळ्यात आधी भरलेली चलनं बघा. रोख दिलेला पैसा सरकारात पोचला की नाही, तिथेच दिसेल. पोचला नसेल तर तो पुन्हा भरावा लागेल, वर १८ टक्के व्याज आणि ३बीच्या (विक्री आणि कराचा गोषवारा देणाऱ्या जीएसटी रिटर्नच्या) प्रत्येक रिटर्नला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. विक्री शून्य असेल तर २० रुपये. अन्याय आहे, पण कायदा पैसे तुमच्याकडेच मागतो. नोटिशीला दिलेल्या तारखेच्या आत उत्तर द्या आणि थकलेली रिटर्नं जुन्यापासून क्रमानं भरा, मधलं सोडून पुढचं भरता येत नाही. सतत रिटर्न न भरल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते, म्हणून तारखेचं एवढं सांगतेय.

बिलांच्या फाइलसाठी त्या गृहस्थांना पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पत्र पाठवा. कुठले कागद, कुठल्या महिन्यांचे, किती रक्कम रोख दिली, सगळं लिहा. ते सीए असतील तर संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे लेखी तक्रार करता येते. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदलेले असतील तर त्याच अधिकाऱ्याला सांगा. यातलं काहीच नसतील, तर ग्राहक आयोग आणि पोलीस. खरेदीची बिलं मिळाली नाहीत तरी हातपाय गाळू नका, पुरवठादारांनी भरलेली माहिती तुमच्या पोर्टलवर दिसते. तिच्यावरून बरंच उभं करता येतं.

नवीन माणूस ठेवताना पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचाच राहील. ओटीपी मागितला तर ‘कशासाठी?’ विचारायचं आणि मगच द्यायचा. कर तुमच्या बँकेतून, तुमच्या हातानं भरायचा, त्यांना फक्त फी द्यायची. कागद मूळ न देता झेरॉक्स किंवा फोटो द्यायचे. एवढ्यानं जो नाराज होईल, त्याला ठेवायचंच नाही. चांगल्या माणसाला उलट बरं वाटतं, त्याच्या डोक्याचा ताप कमी होतो.

फी किती योग्य? एकानं सांगितली त्याच्या चौपट दुसऱ्यानं. – प्रतापनगर

आकडा विचारू नका, त्यात काय-काय येतं ते विचारा आणि ईमेलवर लिहून घ्या. नुसतं रिटर्न? की एआयएस आणि २६एएसशी, म्हणजे तुमच्या व्यवहारांची आणि कापलेल्या कराची विभागाकडे असलेल्या माहितीशी, ताळा घालून? जुनी करप्रणाली बरी की नवी, याचा हिशेब दाखवणार का? नोटीस आली तर उत्तराचे पैसे वेगळे का? काम झाल्यावर उत्पन्नाच्या हिशेबाची प्रत, भरलेलं रिटर्न आणि पोच, हे सगळं पीडीएफमध्ये मिळणार का? हे ऐकल्यावर चौपट वाटणारी फी कदाचित स्वस्त निघेल. कदाचित निघणार नाही. फीची पावती न देणाऱ्याकडून मात्र कराचा सल्ला घेऊ नका बाप्पा.

निवृत्त आहे. पेन्शन आणि एफडीचं व्याज, दुसरं काही नाही. वर्षाला साडेआठ लाख होतात. कोणाकडे जाऊ? – त्रिमूर्तीनगर

कोणाकडेच नाही, काका. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर २०२५-२६ पासून कर लागत नाही. रिटर्न मात्र भरायचं. पोर्टलवर आयटीआर-१ बराचसा भरलेलाच येतो. एफडीचं व्याज प्रत्येक बँकेच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहा, आणि ३० दिवसांत ई-पडताळणी करायला विसरू नका. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झालाय, म्हणून कुणी ‘आता सगळं बदललं, मला दाखवा’ म्हणालं, तर २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्यानं भरायचंय, हे त्याला सांगा.

मात्र पुढेमागे घर किंवा वडिलोपार्जित प्लॉट विकायचा झाला, तर इसार घेण्याआधी सीएकडे जा. रजिस्ट्री झाल्यावर आलेल्या माणसाला सांगण्यासारखं आमच्याकडे फार थोडं उरतं.

मुलगी सीए करतेय, सध्या आर्टिकलशिप सुरू आहे. आमचं रिटर्न तिनंच भरलं तर चालेल का? – सदर

चालेल. फक्त तिच्या परीक्षेच्या महिन्यात फाइल पुढ्यात टाकू नका, आणि भरून झाल्यावर तिच्या सरांना एकदा नजर टाकायला सांगा. त्यांची फी द्या.